गाडीचं प्रस्थान

आमच्या घरातली गाडी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, आणि घरात मान वयाच्या क्रमानं मिळतो. म्हणजे आधी अण्णा, मग गाडी, मग माझी बायको सुनीता (ती माझ्याहून लहान आहे, पण तिला नियम लागू होत नाहीत) आणि उरलाच तर मी.

अण्णा म्हणजे माझे वडील. वैजापूरच्या तहसिलीतून निवृत्त झाले आणि याच गाडीतून आमच्याकडं समर्थनगरात राहायला आले. त्याच्या कितीतरी आधी माझी आई लग्न होऊन घरी आली, तीही याच गाडीतून. आईला जाऊन आता चार वर्षं झाली. यंदा अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली.

“वेरूळला अभिषेक करू. पण जायचं आपल्या गाडीत. तुझी आई बसायची तिथं तिचा शालू ठेवू.”

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळं त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात दिली. मला भरून आलं. भरून आलेल्या माणसाच्या हाती यंत्र देऊ नये, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाडी सुरू होताना खोकायची. छावणीतल्या करीमभाई मेकॅनिकनं बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केलं. “साब, पॉइंट घिस गये. नये डाल देता, बस.”

जुन्या इंजिनात पॉइंट नावाच्या दोन इवल्याशा टिकल्या असतात. त्या एकमेकींना चिकटतात, दुरावतात, आणि दुरावल्या की इंजिनाला ठिणगी मिळते. (आमच्या घरात ठिणगी चिकटल्यावर पडते, पण ते असो.) हल्ली या टिकल्यांऐवजी एक काळी इलेक्ट्रॉनिक डबी मिळते. कुठंतरी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. साधी भाजी घेतानाही मी तुलना करतो, हे तर इंजिन होतं! मी सात रकान्यांचा तक्ता केला, गुण दिले, आणि डबी पहिली आली. तक्ता घेऊन छावणीत गेलो. करीमभाईनं चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला.

“साब, इसमें गाडी को पूछा क्या?”

“काय विचारायचं तिला?”

“बुड्ढी को पुरानीच दवा लगती. डब्बी अच्छी है, लेकिन चाबी ऑन करके, इंजन बंद रखके खडी नको करना. बैठेबैठे जल जाती.”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या वेळी मी आठवा रकाना आखत होतो.

डबी बसली. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली आणि पुढचे आठ दिवस मी गल्लीत छाती काढून फिरलो.

कार्याचा दिवस उजाडला. अभिषेक अकराचा होता. घरातून निघायचा मुहूर्त गुरुजींनी आठ चाळीसचा दिला होता. “नंतर दीड तास वेळ चांगली नाही,” असंही बजावलं होतं. आठ पस्तीसला अण्णा देवघरात होते आणि अजून शाळिग्रामाची आंघोळ चालू होती. अण्णांना पूजेत घाई करायला सांगण्याची हिंमत आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही.

“प्रस्थान ठेवा,” सुनीता म्हणाली.

मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर तांदूळ-सुपारीची पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग सावकाश निघा. सोपी रीत आहे. पण माझं डोकं सोप्या रीतीवर थांबत नाही.

“पुरचुंडी कशाला? जाणार गाडी आहे. गाडीचंच प्रस्थान ठेवू.”

“म्हणजे?”

“बरोबर आठ चाळीसला चावी फिरवून ठेवतो. दिवा लागला की निघालो.”

“मग सुरूच करा ना.”

“आवाज ऐकून अण्णा पूजा सोडून बाहेर येतील.”

सुनीता पुरचुंडी बांधून शेजारी ठेवायला गेली. मी आठ चाळीसला चावी फिरवली, लाल दिव्याला नमस्कार केला आणि आत जाऊन चहा घेतला.

पावणेदहाला अण्णा सोवळ्यातच अंगणात आले. “उदबत्ती कसली लावलीस रे? रबराची?”

वास बॉनेटमधून येत होता. मी चावी फिरवून पाहिली. डबी जळाली होती, आणि तासभर चावी चालू राहून आधीच जुनी असलेली बॅटरीही बसली होती. अण्णा शालूची घडी छातीशी धरून उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “मग रिक्षानं जायचं का?” आणि मला माझी खरोखर लाज वाटली.

करीमभाईला फोन केला. तो म्हणाला, “अण्णासाब को फोन दो.”

दोघं मिनिटभर बोलले. अण्णांनी शालू सुनीताकडं दिला, कपाटातून जुन्या पॉइंटांचा डबा आणला आणि सोवळं खोचून इंजिनात वाकले. “लई शाना झालास. धर हे.” एकेक तेलकट भाग ते माझ्या हातात देत गेले. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं पाठ होतं. दोन टिकल्यांमधलं अंतर त्यांनी समारंभाची पत्रिका दुमडून मोजलं. वीस मिनिटांत काम झालं.

बॅटरी बसलेली, म्हणजे ढकलणं आलं. सुनीता चालवायला बसली, शेजारी अण्णा, मागं आईच्या जागेवर शालू. शेजारपाजारचे लोक आणि मी ढकलायला लागलो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर इंजिन लागलं आणि आतून अण्णांचा आवाज आला. “सूनबाई, थांबू नको. परत बंद पडंल.”

सूनबाई आज्ञाधारक. थांबल्या नाहीत.

मी नगर नाक्यावरून काळीपिवळी जीपमध्ये, दोन कांद्याच्या पोत्यांमध्ये बसून वेरूळ गाठलं. गाभाऱ्याबाहेर सदरा काढून आत शिरलो तेव्हा अभिषेक संपत आला होता. अण्णांच्या चेहऱ्यावर ओलं समाधान होतं. ते पाहून मलाही रडू आलं.

एका चुलतभावानं त्यांना हळूच विचारलं, “काका, एवढी जुनी गाडी टिकवली कशी?”

“माझ्या पोराला हात लावू दिला नाही,” अण्णा म्हणाले.

मी तीर्थासाठी हात पुढं केला. पुजाऱ्यानं तो काळाकुट्ट तळवा निरखून पाहिला, मग सुनीताच्या हातावर दोनदा तीर्थ घातलं आणि तिला म्हणाला, “तुमच्या ड्रायव्हरच्या वाटचंही तुम्हीच घ्या.”