डाव्या पायाचा फरमा

नानासाहेबांनी माझा डावा हात टेबलावर उताणा धरला, स्पिरीटच्या दिव्यावर वितळलेली लाख तळहातावर ठिबकवली आणि वरून पितळी मोहर दाबली.

उजवा नाही, डावा. उजवा त्यांना लिहायला हवा होता.

"ही घे तुझी सनद," ते म्हणाले. "एरंडोलला जाऊन बापाला दाखव."

कातडं जळल्याचा वास आला. तो वास मला जन्मापासून ओळखीचा. पण आजवर तो दुसऱ्या कुणाच्या तरी कातड्याचा होता. बेलिफ हसला. टायपिस्ट हसला. दाराशी दोन पक्षकार बसले होते, त्यांना काय झालं तेही कळलं नव्हतं, तरी ते हसले.

आणि मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. हात महिन्याभरात बरा झाला. ते हसू अजून चिघळतं.

चूक माझीच होती म्हणा. नानासाहेब धुळ्याचे नाणावलेले वकील. एखाद्याला देणं फेडता येईना आणि कोर्टाने त्याला नादार ठरवलं, की त्याची मालमत्ता कोर्ट ज्याच्या ताब्यात देतं तो रिसीव्हर. धुळ्यात रिसीव्हर म्हणजे नानासाहेब, दुसरं नाव कुणाला सुचत नसे. ते जाणार, पंचांसमोर चीजवस्तूंची यादी होणार, पंचनामा लिहून मोठ्याने वाचला जाणार, पंच सह्या-अंगठे देणार. मग दाराला कुलूप, कुलपाला फडकं, फडक्यावर लाख, लाखेवर मोहर. त्यानंतर ते कुलूप उघडायचं तर खुद्द रिसीव्हरलाही नवे पंच बोलवावे लागतात.

मी एरंडोलच्या चांभाराचा मुलगा. कायद्याची परीक्षा दुसऱ्या फेरीत पास झालेला. पहिल्या फेरीत दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमावर प्रश्न आला होता: नादाराचं काय काय जप्त करता येत नाही? मी 'येत नाही'मधलं 'नाही' वाचलंच नाही. माणसाची भांडी, अंथरूण, बायकोचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, सगळं चार पानं भरून जप्त करून टाकलं. परीक्षकाने माझी नादारी जाहीर केली. त्यानंतर ते कलम मी झोपेतही विसरलो नाही.

सनद मिळवायची तर वर्षभर ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करावी लागे आणि शेवटी दाखल्यावर त्यांची सही. वर्षभर उमेदवाराने नेमकं काय करायचं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी सगळं केलं. फायली शिवल्या, नकला केल्या, छत्री धरली, नानासाहेबांच्या मेहुण्याची सायकल पंक्चर काढून आणली. फक्त माठ भरला नाही. ते काम माझ्या जातीला झेपण्यासारखं नाही, असं त्यांचं मत होतं.

लाख मात्र माझ्याकडे. "तुमच्या लोकांचे हात कमावलेलेच असतात," असं म्हणायचे.

तर आग्रा रोडला एका साबणवाल्याचं दुकान मी सील केलं. असं सुरेख केलं की बेलिफसुद्धा "वा" म्हणाला. मग नानासाहेबांनी खिसा चाचपला. चष्मा आत गल्ल्यावर राहिला होता. दुसऱ्या दिवशी नवे पंच, नवा पंचनामा. सील का तोडलं त्याचं कारण लिहावंच लागतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'रिसीव्हर यांचा चष्मा नादाराच्या मालमत्तेत बंद झाल्याने.' संध्याकाळपर्यंत सगळ्या बाररूमने ते वाचलं.

त्याची ही मोहर. तळहातावर.

कार्बनची गोष्टही सांगितली पाहिजे. पंचनामा नेहमी दोन प्रतींत. मी वर्षभरात कार्बन उलटा घातला असं किमान पाच वेळा झालं. मग खालची प्रत कोरी आणि वरच्या कागदाच्या पाठीवर आरशातली अक्षरं. प्रत्येक वेळी टाळूवर नानासाहेबांचा रूळ बसायचा. लाकडी, पितळी टोकांचा. मी त्या रुळाचीही नक्कल करून टायपिस्टला हसवायचो. टप्प! असा आवाज काढायचो. मार खाणारा आणि त्याचा तमाशा करणारा, दोन्ही मीच. तिकीट मात्र कुणी काढत नव्हतं.

एकदा तेलाच्या गिरणीचे मालक नादार झाले. आम्ही गेलो तर बैठकीत पोहे, वर खोबरं, नानासाहेबांना आरामखुर्ची. मी जिन्यावर. नानासाहेब पोह्यांचा घास घेत सांगत होते, मी लिहीत होतो. "भिंतीवरची घड्याळं दोन, बंद." तेवढ्यात दोन्ही घड्याळांनी अकराचे टोले दिले. मी वर पाहिलं.

"काय पाहतोस? बंद," नानासाहेब म्हणाले.

मी लिहिलं: बंद. बंद वस्तूला किंमत नाही, ती मालकाच्या भिंतीवरच राहते. घरी येताना बेलिफला म्हटलं, "बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा वाजतं का हो?" तो खो खो हसला. मला वाटलं, आपण किती हुशार.

उमेदवारीचे अकरा दिवस उरले होते तेव्हा नरडाण्याचं काम निघालं.

नरडाण्याला स्टेशनच्या अलीकडे उत्तम नानाचं जोड्यांचं दुकान. माझ्याच जातीचा, साठीचा माणूस. चामड्याच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेऊन शंभर जोडे शिवले, आणि ज्याने मागवले होते त्याने घेतलेच नाहीत. नानासाहेब त्या व्यापाऱ्याच्या मोटारीतून आले. मी एस.टी.ने, मांडीवर स्पिरीटचा दिवा आणि लाखेची पिशवी.

पोहे नव्हते. खुर्ची नव्हती. बेलिफने आत शिरताच पायाने पाण्याचं भांडं उडवलं. गादी चाकूने फाडून पाहिली. उत्तम नानाच्या बायकोला केसाला धरून बाहेर ओढलं, "ऊठ, खाली काय लपवलंय?" खाली काही नव्हतं. एक पंच स्टेशनवरचा हमाल, दुसरा गाडीवान लोटन आबा. दोघं भिंतीला चिकटून उभे.

मी ओट्यावर बसून लिहीत होतो. तयार जोडे. बिनतळाचे जोडे. चामड्याचे तुकडे.

"आता फळीवरचं," नानासाहेब म्हणाले.

फळीवर कातडं कापायची रापी, टोचायची आरी, हातोडी; खाली जमिनीवर ऐरण. आणि हत्यारांशेजारी फळीभर लाकडाचे पाय. फरमे. गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाचा लाकडी साचा, त्यावर जोडा चढवून शिवतात. चांगला कारागीर प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचा फरमा वेगळा ठेवतो. माझा बाप ठेवतो. ज्याच्याकडे फरमे, त्याच्याकडे गिऱ्हाईक. व्यापाऱ्याने धुळ्यात स्वतःचं जोड्यांचं दुकान काढलं होतं. त्याला जोडे नको होते. ते पाय हवे होते.

"साहेब," मी म्हणालो, "कारागिराची हत्यारं. कलम साठ."

"तुला दुसऱ्या फेरीत कळलं ते मला पहिल्या फेरीत कळलंय. लिही."

बेलिफने पोतं उघडलं आणि फरमे आत फेकायला लागला. उत्तम नाना पुढे झाला. त्याने पोत्याचं तोंड दोन्ही मुठींत धरलं.

"साहेब, हत्यारं राहू द्या. बाकी बठ्ठं लई जा."

नानासाहेबांनी लाथ घातली. डाव्या पायाने, छातीत. म्हातारा ऐरणीवर पडला. मुठी सुटल्या नाहीत. दुसरी लाथ मनगटावर. काहीतरी मोडल्याचा आवाज आला, बारीक, वाळल्या काडीसारखा.

उत्तम नाना खाली पडून नानासाहेबांच्या पायाकडे बघत होता. रडत नव्हता. म्हणाला,

"जोडा मनाच शे, साहेब. टाका उसवी जाई. हळू मारा."

बेलिफ हसला. व्यापारी हसला. नानासाहेबही हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभराची सवय. अशा वेळी मी काहीतरी बोलायचो आणि सगळे पुन्हा हसायचे. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

मी जोड्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्याच हातचा. मग पोत्याबाहेर पडलेल्या एका फरम्याकडे. डाव्या पायाचा. करंगळीच्या बाजूला चामड्याची लहानशी चकती चिकटवलेली. ज्याच्या बोटाला कुरूप असतं त्याला जोडा टोचू नये म्हणून कारागीर अशी चकती लावतो. नानासाहेबांच्या जोड्याला नेमका तिथेच फुगवटा होता. हा म्हातारा त्यांच्या पायाचं दुखणं वर्षानुवर्षं जपत आला होता. त्याच पायाने ते त्याला तुडवत होते.

तोंडात आलेला विनोद मी गिळला. कडू होता.

आणि लिहिलं: 'रिसीव्हर यांनी नादार इसमास डाव्या पायाने छातीत लाथ, एक. मनगटावर लाथ, एक. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला.'

पंचनामा म्हणजे जागेवर जे घडलं ते. हे नानासाहेबांनीच शिकवलं होतं. लिहून झाल्यावर पंचांना मोठ्याने वाचून दाखवायचं, हेही त्यांनीच. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

दोन ओळी झाल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"काय वाचतोयस?"

"पंचनामा."

"अकरा दिवस राहिलेत तुझे. सही पाहिजे ना?"

"पाहिजे."

"मग ते खोड."

"नाही."

वर्षभरात मी त्यांना म्हटलेलं हे पहिलं 'नाही'. परीक्षेत ज्या शब्दाने बुडवलं होतं तोच.

थप्पड बसली. चष्मावाल्याने चष्मा सांभाळून मारावी तशी, नीट. मी कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं: 'लेखनिकास थप्पड, एक.' तेही वाचून दाखवलं. बेलिफने पाठीत गुद्दा घातला. 'बेलिफ यांच्याकडून गुद्दा, एक.' अक्षर वाकडं येत होतं. एरवी माझं अक्षर चांगलं आहे. नानासाहेबांनी हातातली पितळी मोहर कपाळावर हाणली. डोळ्यात रक्त उतरलं. कुठवर वाचलं ते दिसेना, म्हणून मी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. हमाल पंच पळाला. लोटन आबा भिंतीपाशी तसाच.

नानासाहेबांनी वरचा कागद हिसकावला. फाडला. पुन्हा फाडला. तुकडे माझ्या तोंडावर फेकले.

मला आतून हसू फुटलं. खाली दुसरी प्रत होती ना! मी ती उचलली.

कोरी.

कार्बन उलटा घातला होता.

सगळं त्या फाटलेल्या तुकड्यांच्या पाठीवर, आरशातल्या अक्षरात. आयुष्यात एकदाच धडाचं काही लिहिलं, आणि तेही असं. त्या दिवशी मला रूळ मारायलाही कुणी थांबलं नाही. नानासाहेबांनी बेलिफला सील करायला सांगितलं. पण मोहर त्यांच्याकडे, लाख माझ्या पिशवीत. मी पिशवी पोटाशी धरून बसलो. बेलिफने बरगड्यांत दोन लाथा घातल्या. पिशवी सोडली नाही. बाहेर माणसं जमायला लागली होती. व्यापारी म्हणाला, "राहू द्या साहेब, चला." मोटार गेली. पोतं तिथेच राहिलं.

उत्तम नाना मोडलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. बायको त्यावर फडकं बांधत होती.

"तुले लिखता येस ना?" तो म्हणाला. "मंग परत लिख. बठ्ठं लिख."

लोटन आबा भिंतीपासून सुटला. माझ्यासमोर उकिडवा बसला. "वाचीसन दाखाड. मंग आंगठा देसू."

मी लिहिलं. कार्बन तीनदा उलटून पाहिला. वाचला. त्याने अंगठा दिला. मग उत्तम नानाने डाव्या हाताचा. उजवा उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी जिल्हा कोर्टात हजर केला. न्यायाधीशांनी कपाळावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"तुम्ही वकील आहात?"

"नाही."

"मग कोण?"

"ज्याने लिहिलं तो."

हत्यारं जप्तीतून सुटली. लाथेबद्दल कुणी काही विचारलं नाही. उत्तम नानाचं मनगट वाकडंच सांधलं. नानासाहेब रिसीव्हर राहिले, आजही आहेत. दाखल्यावर सही झाली नाही. धुळ्यात मला कुणी दारात उभं करेना. जळगावला एका वकिलांकडे उमेदवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरली. तीनशे चौपन्न दिवस पाण्यात गेले. बाप म्हणाला, "लाथ त्याने मारली, आणि वर्ष तुझं गेलं?" मी म्हटलं, "हो." तो रापी घासत राहिला.

सनद आली तेव्हा उत्तम नाना एरंडोलला आला होता. पिशवीतून त्याने तो चकती लावलेला फरमा काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, आता त्या पायाचं माप आपल्याला नको.

तो फरमा माझ्या टेबलावर आहे. कागदांवर वजन म्हणून ठेवतो. मी फक्त नादारांची कामं घेतो. चुका अजूनही करतो. मागच्याच महिन्यात आपल्याच पक्षकाराची छत्री समोरच्या वकिलाला देऊन आलो. सोमवारी शिंदखेड्याला एका सुताराचं काम आहे, रिसीव्हर नानासाहेब. मी सुताराच्या बाजूने उंबऱ्यात उभा असणार. यादीत पटाशी आली, करवत आली, रंधा आला, तर मी प्रत्येक वेळी आडवा होणार. हसवायला सांगितलं तर हसवणार नाही.

आणि तो पाय पुन्हा उठला, तर त्याचं कुरूप कुठल्या बोटाला आहे, ते मला पाठ आहे.