असील कोंबडीची अंडी

वहिनींच्या पडवीत एक असील कोंबडी टोपलीत अंडी उबवत बसली होती. उंच मान, तांबूस पिसं, करारी नजर. या जुन्या जातीत दुसरं रक्त मिसळू नये म्हणून माझा भाऊ आयुष्यभर जपला. तो गेल्यावर वहिनींनी जपलं. यंदाच्या उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि खुराडं रिकामं झालं. ही एकटीच वाचली.

तिच्यासाठी असील कोंबडा शोधत वहिनींनी आसपासचे सगळे बाजार पालथे घातले. जिकडेतिकडे पोल्ट्रीचे पांढरे पक्षी, नाहीतर सरमिसळ झालेले. अस्सल कोंबडा मिळालाच नाही.

"मग ही अंडी?" मी विचारलं.

"कोंबड्याशिवायची. यातून पिल्लू निघायचं नाही."

"काढून घ्या ना मग. उगाच झुरतेय ती."

"मी रोज सकाळी तेवढ्यासाठीच येते, भाऊजी. पण तिला सांगू काय?"

एखादी जात संपते ती अशीच संपत असेल, कुणीतरी अजून ऊब देत बसलेलं असताना.

वहिनींनी पाण्याची वाटी पुढे सरकवली. त्यांचा हात जवळ येताच कोंबडीने पंख आणखी पसरले आणि बाहेर राहिलेलं एक अंडं चोचीने हळूच पोटाखाली ओढून घेतलं.