दामूतात्यांचं मत

दामूतात्या कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटच्या पानापासून वाचायला घेत. उलव्याचे शेतकरी, शिक्षण सातवीपर्यंत. पनवेलच्या एका शेअर दलालाच्या कचेरीत त्यांनी इंग्रजी अहवाल माझ्यापुढे धरला. "बाई, येवढा वाचून सांगा. म्होरं सगले फोटू हायत. खरा काय ता मागं बारीक अक्षरांत लिवतान."

मी कॉलेजात कॉमर्स शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. त्या दिवसापासून तात्या रोडपालीला माझ्या घरी येऊ लागले.

जमीन विमानतळात गेल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी एका गोदाम कंपनीचे शेअर घेतले होते. घेण्याआधी आठवडाभर द्रोणागिरीला तिच्या दोन गोदामांसमोर उभं राहून ट्रक किती येतात ते पाहिलं होतं. त्यांच्या शब्दावर गावातल्या पाच-सहा घरांनीही पैसे घातले.

पुढे कंपनीने मोठं गोदाम अध्यक्षांच्या मेव्हण्याला विकायचं आणि तेच पुन्हा भाड्याने घ्यायचं ठरवलं. मी वाचून दाखवलं. तात्यांनी दोनदा विचारलं, "मेव्हना?"

शेअर कोसळला. वार्षिक सभा ऑनलाइन होती. तात्या इस्त्रीचा सदरा घालून माझ्या लॅपटॉपपुढे बसले आणि नाव पुकारल्यावर उठून उभे राहिले. पडद्यावर फक्त सदऱ्याची बटणं दिसत होती.

"साहेब, गोदाम इकायच्या आधी आनखी कोनाला भाव इचारला का?"

"आपली सूचना नोंदवून घेतली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"सूचना नाय साहेब, मी इचारतो..."

तोवर तिकडून त्यांचा आवाज बंद केला होता.

ठराव मंजूर झाला. अशा ठरावावर अध्यक्षांच्या घरच्यांना मत देता येत नाही; बाकीचे भागधारकच ठरवतात. मी निकाल पाहिला, तर बहुतेक लहान भागधारकांनी मतच दिलं नव्हतं. तात्यांनीही नाही. सभेत बोललं की झालं, असं ते समजत होते, आणि मत फोनवरून वेगळं द्यावं लागतं, हे कॉमर्स शिकवलेल्या मला त्यांना सांगायचं सुचलं नव्हतं.

"म्हंजे आमी गप बसलो, म्हनून गोदाम गेला," तात्या म्हणाले. त्याच दिवशी ते पैसे घातलेल्या त्या सगळ्यांच्या घरी जाऊन चूक कबूल करून आले. त्यांच्यातल्याच एकाने, पुतण्या शिवरामने, त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गोदामाचा तसाच ठराव आला. तात्या मला रिक्षाने उलव्याला घेऊन गेले. आम्ही घरोघरी बसून फोनवर मतदान करून घेतलं. "हो म्हना नायतर नाय म्हना, पन गप नका बसू," ते प्रत्येकाला सांगत. शिवराम दारातच आडवा उभा राहिला. तात्या म्हणाले, "माझ्यावर राग धर. मत दे."

त्याने फोन आणला.

उलवेकरांसारखे वैतागलेले लोक इतर गावांतही असावेत. ठराव फेटाळला गेला. मी पेढे आणले. तात्यांनी अर्धाच खाल्ला. "भाव कुठं आला, बाई? पन आता साहेबांना आमाला इचाराया लागल."

गेल्या वर्षी तात्या गेले. त्यांच्या तेराव्याचं जेवून घरी आले आणि मेल उघडली. माझ्याकडे चार कंपन्यांचे शेअर आहेत. त्यांच्या मतदानाच्या सूचना मी वर्षानुवर्षं न वाचता पुसत आले होते. त्यातल्या एका कंपनीने लाभांश बंद केला होता आणि संचालकांचं मानधन वाढवायचा ठराव मांडला होता. मी विरोधात मत दिलं.

ठराव मंजूर झाला. विरोधातल्या मतांत माझंही एक आहे.