लढाईकाकांची राहिलेली लढाई

लढाईकाकांकडे जेवायला बसलं की मीठ कधी हाताशी सापडायचं नाही. ते कुठल्यातरी किल्ल्याच्या जागी असायचं. लोणच्याची बरणी म्हणजे इंग्रजांची छावणी, ओळीने मांडलेले चमचे म्हणजे नदी आणि मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या म्हणजे आपल्या लोकांच्या तुकड्या. "सूनबाई, आमटी जरा थांबव, रसद अजून अडकलीय," असं म्हणत ते सत्तावन्नातली एखादी लढाई पुढे सरकवायचे. आमटी निवायची. त्यांची सून माझी मैत्रीण, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला व्यवस्थित कळायचं.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला होता. दर वर्षी तीन महिने ते मुलाकडे, टोकियोत, निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत यायचे आणि रविवारी सकाळी इमारतीतल्या मराठी मुलांना गोळा करून लढाया सांगायचे. एका देशाने दुसऱ्याच्या मानेवरचं जू झुगारलं, एवढं त्यांना पुरे. मग तो देश आपला असो, अमेरिका असो की व्हिएतनाम. सनावळीचा त्यांना कंटाळा. "कोण जिंकलं ते मागाहून. आधी सांगा, त्या दिवशी शिपाई जेवले काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माझा मुलगा एरवी मराठीला जपानीत उत्तर देतो, पण "भाजलेले चणे!" हे मात्र तो मराठीत ओरडायचा.

माझ्यावर त्यांचा एकच राग होता. मी फोनवर मराठी लिहिते ती इंग्रजी अक्षरांत. ऑफिसात दिवसभर बोटांना तीच सवय, त्याला काय करणार? एकदा मी त्यांना 'udya yete' असं पाठवलं. संध्याकाळी लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "उड्या येते? उड्या मारत येणारेस का? लवकर ये, मला बघायचंय." मी म्हटलं, "काका, उद्या हो, उद्या!" तर म्हणाले, "मग तसं लिही ना. आपल्या भाषेला दुसऱ्याचे कपडे घातले की ती ओळखू येत नाही बघ." पुढे मी मुद्दाम तसंच लिहायची आणि ते मुद्दाम उड्यांची चौकशी करायचे.

एक कोडं मात्र मला सुटत नव्हतं. इमारतीच्या खालीच एक कोंबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान आहे. दूध, पाव, बिलं भरणं, सगळं तिथेच होतं. काका पहिल्या वर्षी तिथे जायचे. दुसऱ्या वर्षापासून दुखऱ्या गुडघ्यांनी दहा मिनिटं चालत पलीकडच्या कोंबिनीतून पाव आणू लागले. विचारलं तर "व्यायाम" म्हणायचे. व्यायामाला पावसातही जावं लागतं का, यावर ते छत्री उघडायचे आणि चालू लागायचे.

गेल्या वर्षी ते आले ते शेवटचं म्हणूनच. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी यापुढे विमान नको म्हणून बजावलं होतं. परतायला चार दिवस असताना एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि चहाला नको म्हणाले. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"तुला जपानी चांगलं येतं. माफी मागतो, हे जपानीत कसं म्हणतात?"

"सुमिमासेन."

"ते नको. ते लिफ्टमध्ये शिरतानाही म्हणतात. खरी माफी कशी मागतात ते सांग."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खालच्या कोंबिनीत गल्ल्यावर बसणारी इंडोनेशियाची मुलगी सुराबायाची आहे, हे त्यांना पहिल्या वर्षाच्या शेवटी कळलं होतं. आणि काकांचे वडील सुराबायाला लढले होते. महायुद्धात जपान हरलं, इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि जुने मालक डच परतण्याआधी तिथे इंग्रजांचं सैन्य उतरलं. त्या सैन्यात आपलीच माणसं होती, मराठा पलटणही होती. गावातली पोरं भाले आणि मिळतील त्या बंदुका घेऊन रस्त्यावर आली. काकांनी जन्मभर ज्यांच्या गोष्टी सांगितल्या, तशीच ती पोरं. आणि त्यांच्यासमोर काकांचे वडील उभे होते.

त्यांनी पिशवीतून एक खिशात मावेलशी वही काढली. वडिलांची. पेन्सिलीने लिहिलेलं एक पान माझ्यापुढे धरलं. 'सुराबाया. पुलाजवळ घर. एक पोरगी. गोळी.' बस, एवढंच.

"वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्यांच्या ट्रंकेत ही सापडली. इथवर वाचली आणि मिटली. पोरांना जगभरच्या लढाया सांगितल्या, पण ही एक नाही सांगितली गं. त्या मुलीसमोर पाव घेऊन उभं राहवत नाही मला. जाण्याआधी तिला सांगून टाकायचंय."

काहीतरी करायचं म्हणून मी पान उलटलं.

"पुढे काही नाही," काका म्हणाले. "पलटणीत त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवायचे. ती गिरवलीयत."

खरंच, पुढची पानं इंग्रजी मोठ्या अक्षरांनी भरली होती. मध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. इंग्रजी म्हणून वाचायला गेलं तर काही अर्थ लागत नव्हता. पण मी इंग्रजी म्हणून वाचतच नव्हते. मी रोज वाचते तसं वाचत होते.

MAJHIGOLITILADILI.

"काका," मी म्हटलं, "हे मराठी आहे."

मी बोट ठेवून एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचलं. "माझी गोळी तिला दिली." खाली TISRYADIVSHITAPUTARLA. "तिसऱ्या दिवशी ताप उतरला." आणि त्याखाली PORGIBHATKHATE.

"पोरगी भात खाते," काकांनीच पुरं केलं.

मलेरियाची गोळी! पलटणीत प्रत्येक शिपायाला रोज एक मिळायची, हे काकांनीच मुलांना कितीदा सांगितलं होतं. वडिलांनी आपल्या वाटची गोळी तापाने फणफणलेल्या एका पोरीला दिली होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग ते रडले आणि रडता रडता हसायला लागले. "सत्तावन्न वर्षं! इतिहासाचा मास्तर मी, आणि पान उलटलं नाही. उलटलं तेव्हा एबीसीडी म्हणून सोडून दिलं." मलाही रडू आवरेना. शेवटी मी चहा टाकला आणि या वेळी ते दोन कप प्यायले.

तासाभराने आम्ही खाली गेलो. मला वाटलं, आता माफीचं काही उरलं नाही. पण काका म्हणाले, "एका पोरीचं कळलं. बाकीच्या दिवशी त्यांनी काय केलं, ते वहीत नाही. बंदूक तर त्यांच्याही हातात होती." दुकानात गर्दी नव्हती. ते बोलले, मी जपानीत सांगितलं: माझे वडील तुमच्या गावात चुकीच्या बाजूने लढले, त्याबद्दल मला क्षमा करा. ती मुलगी गोंधळून उभी राहिली. मग मी वहीतल्या पोरीचं सांगितलं. तिने विचारलं, "ताप उतरला ना?" मी हो म्हटलं. तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "योकात्ता."

"काय म्हणाली?"

"बरं झालं, असं म्हणाली."

"योकात्ता," काकांनी घोकलं. मग तिच्याकडून पाव घेतला.

रविवारी त्यांनी मुलांना सुराबाया मांडून दाखवलं. हॉटेलवर चढून डच झेंड्याची निळी पट्टी फाडून तो आपला लाल-पांढरा करणारी पोरं, रेडिओवरून गाव पेटवणारा तरुण पुढारी, मारला गेलेला इंग्रज ब्रिगेडियर, सगळं आलं. मीठ या खेपेला पुलाच्या जागी होतं. लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांनी मोहरीचा एक दाणा ठेवला. "हे माझे वडील," म्हणाले. मुलांनी ठरलेला प्रश्न विचारला, जेवले काय? काका म्हणाले, "त्यांचं माहीत नाही. पण एक पोरगी भात जेवली, हे मला पक्कं माहीत आहे."

दोन दिवसांनी ते गेले. विमानतळावर त्यांची चाकाची खुर्ची आत वळली तेव्हा मी ओरडले, "पोहोचल्यावर कळवा!" त्यांनी मागे न बघता हात वर केला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जाताना तोझाई लाइनच्या गाडीत उभी होते. फोन वाजला. काकांचा निरोप होता, आणि जन्मात पहिल्यांदा इंग्रजी अक्षरांत, सगळी मोठी, मध्ये जागा न सोडता:

SUKHRUPPOHOCHLOBHATKHALLA