अंबाझरीतला समुद्र

नागपूर देशाच्या अगदी पोटात. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. आणि मी मेली त्याच गावात जन्मून समुद्राच्या नादी लागले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉलेजने अंबाझरी तलावावर शिडाच्या छोट्या होड्या आणल्या, तेव्हा नाव नोंदवायला सगळ्यात पुढे मी. होडीत दोघींनी बसायचं. एकीच्या हातात सुकाणू, दुसरीने पुढे बसून लहान शीड आणि तोल सांभाळायचा. सुकाणू मी घेतलं. कुणाला विचारलंसुद्धा नाही, स्वभावच तसा.

माझी जोडीदारीण शहराबाहेरच्या वाडी गावाहून सायकलने यायची. तिच्या वडिलांचं तिथे ट्रकवाल्यांच्या गोदामाशेजारी चहाचं दुकान होतं. मी शिकल्या-सवरल्या धंतोलीतली, त्यामुळे आपण फार शुद्ध बोलतो असा माझा समज. ती म्हणायची, "तू बोलून राहिली का रेडिओ लावला वं?"

हिवाळ्यात सकाळी तलावावर धुकं असायचं. काठ दिसायचा नाही, वारा पडलेला, होडी सरकतेय की उभी आहे तेही कळायचं नाही. आम्ही गप्प पडून राहायचो. मी डोळे मिटून म्हणायचे, "आता धुकं उठलं ना, की पलीकडे काठ नसेलच. नुसतं पाणी. पाणीच पाणी."

"मंग जेवाले कुठं जाऊ?" ती विचारायची. मला राग यायचा आणि हसूही.

तलावात शेवाळ भारी. होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, तिच्यामुळे होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही. त्या फळीला शेवाळ गुंडाळलं की आमची होडी म्हशीसारखी पाण्यात बसायची. म्हणून आमची रीत ठरलेली. वळण घेतलं की तिने फळी झटकन वर ओढायची, शेवाळ सुटलं की खाली सोडायची. सुरुवातीला मी दर वळणाला ओरडायचे, "उचल!" पुढे ओरडावं लागेना. तिचा हात आपोआप जायचा.

मग राज्याची स्पर्धा आमच्याच तलावावर ठरली. पहिली येणारी जोडी मुंबईला जाणार, देशाच्या स्पर्धेला, खऱ्या समुद्रात! माझी झोपच उडाली. आईला सांगितलं, "मी समुद्रात जाणार." आई म्हणाली, "आधी आंघोळीला जा."

शर्यतीआधी माणसं लावून तलावातलं शेवाळ काढलं. पाणी कसं लख्ख झालं. त्या दुपारी वारा सुटला तो तलावाच्या बांधाकडून. का कोण जाणे, पण मला सगळं संथ आणि लांबून दिसल्यासारखं वाटत होतं. शीड भरलेलं, ऊन पाण्यावर हलत होतं, काठावरची माणसं बोलत असावीत पण आवाज पोचत नव्हता. आणि बघते तर काय, आमच्या पुढे कुणीच नाही! दोन पिंपं तरंगत ठेवली होती, त्यांच्या मधून गेलं की शर्यत संपली. शेवटचं वळण घ्यायचं आणि जवळच्या पिंपाला चाटून आत शिरायचं, बस. मी होडी वळवली. तिने फळी उचलली.

आता उचलायला शेवाळ होतंच कुठे? पण वर्षभराची सवय, गेला हात. नेमका त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला आणि होडी आडवी घसरली, ती थेट पिंपाच्या बाहेर. तिने घाईने फळी खाली टाकली. पण पुन्हा दोन वळणं घेऊन आम्ही येईपर्यंत मागची जोडी आत गेली होती. काठावर टाळ्या पडल्या, त्या त्यांच्यासाठी.

होडी काठाला लागेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. लागल्यावर उघडलं. सगळ्यांसमोर, घसा ताणून. "गेला माझा समुद्र! तुझ्यामुळे गेला!"

ती गुडघाभर पाण्यात होडी धरून उभी होती. डोळे भरलेले.

"तुझा?" ती म्हणाली. "अन् मी काय काठावर बसून पाहणार होती का वं? मले बी जायचं होतं ना. मायले सांगून ठेवलं होतं, बाटलीत समुद्राचं पाणी आणून देईन म्हणून."

वर्षभर आम्ही एका होडीत बसलो, पण समुद्र तिलाही हवा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला एवढं रडू फुटलं की शेवटी होडी सोडून तिनेच मला धरलं.

आता दोघींचे केस पांढरे झालेत. ती मनीषनगरला असते, नातवंडांच्या गराड्यात. माझा मुलगा मुंबईहून फोन करून थकला, "आई, एकदा समुद्र तरी बघायला ये." मी दर वेळी तिला विचारते. ती म्हणते, "गुडघे बरे होऊ दे, मंग जाऊ." गुडघे काही बरे होत नाहीत. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, आणि एकटी जाऊन पाहणारही नाही.