नानांचा दात आणि लवंगेचं तेल

माझे वडील, नाना, लासलगावला कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरांच्या रांगेतून फिरत दिवसभर भाव ओरडायचं काम. कांद्याच्या त्या उग्र वासातही नाना कुठे उभे आहेत हे डोळे मिटून सांगता यायचं, कारण त्यांच्याभोवती कायम लवंगेचा घमघमाट. वरचा पुढचा दात किडला होता आणि त्यावर एकच उपाय चालू होता: शर्टाच्या खिशातली लवंगेच्या तेलाची बाटली. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी नाशिकला दातांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. घरात दातांची डॉक्टर तयार होत असताना बापाने तोंडात कापसाचे बोळे कोंबून फिरावं, याची मला विलक्षण चीड यायची.

तेल वाईट नाही, हे मलाही ठाऊक होतं. ते ठणका बधिर करतं, जंतूही मारतं. पण कीड काढत नाही, आणि पातळ न करता लावलं की हिरडी भाजते. नानांची हिरडी पांढरीफटक पडली होती. एकदा बाटली खिशात सांडली, तर शेजारच्या पेनाचं प्लॅस्टिक मऊ होऊन कापडालाच चिकटलं. मी ते पेन त्यांच्या नाकासमोर धरलं.

"बघा, पेनाची ही गत. हिरडीचं काय होत असेल?"

"पेनच हलकं व्हतं," नाना म्हणाले.

बरं, दातावर तरी भागवावं! सर्दीला वाफेच्या पाण्यात थेंब, गुडघ्याला खोबरेलात थेंब, मुंग्यांसाठी साखरेच्या डब्याशेजारी बोळा. आई वैतागून म्हणाली, "आता चहातबी घाला." त्यावर नाना विचारात पडलेले पाहून तिने तो विषयच बंद केला.

त्यात मी एक घोडचूक केली. तात्पुरता दात भरताना पांढऱ्या पावडरीत लवंगेचंच तेल कालवतात, हे घरी बोलून गेले. झालं! नानांनी अख्ख्या मार्केटात सांगितलं, "पोरगी शिकून शिकून माझ्याच तेलावर आली."

दर शनिवारी मी घरी गेले की भांडण ठरलेलं.

"नाना, सोमवारी माझ्याबरोबर कॉलेजात चला."

"तेल हाय ना."

"तेलाने दात बरा होत नाही."

"मंग ठणका कसा जातो?"

मी कीड, नस, पू सगळं समजावायची. ते टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघून जायचे.

मग एके दिवशी ठणका कायमचा थांबला. नाना खूश. मला मात्र धडकी भरली, कारण असा ठणका बहुधा आतली नस मेली की थांबतो. मी हात जोडले, ओरडले, दोन शनिवार अबोला धरला. उपयोग शून्य.

दोन-अडीच वर्षांनी ओठ सुजून नाकाला टेकला, तेव्हा ते आपणहून एसटीने आले. नाशिकलाच द्वारका चौकाजवळ मी नुकताच दवाखाना थाटला होता. सूज औषधाने उतरवली, पण मुळाभोवतीचं हाड पुरतं झिजलं होतं. दात बोटाने हलत होता. काढण्यावाचून इलाज नव्हता, आणि माझा संताप अनावर झाला.

"इतकी वर्षं का नाही आलात? एवढी कसली भीती?"

"भीती नाय. समोरचा दात गेला की तोंडातून नुसता वारा जातो. पुकारलेला भाव व्यापाऱ्याला कळाया पायजे. आमच्यातल्या एकाचा दात काढला, तर पुकारायचं बंद करून त्याला वजनकाट्यावर बसवला. म्हटलं, ढकलू जमंल तितके दिवस. तुझ्याकडं आलो तर तू काढणारच."

"काढणार? अहो, तेव्हा आला असता तर नस साफ करून दात वाचवला असता!"

"वाचवता येतो?"

त्यात तक्रार नव्हती, खरोखरचं नवल होतं. दर शनिवारी मी तेलाला शिव्या घातल्या, कीड शिकवली, नस शिकवली. दात काढावा लागणार नाही, एवढं एक वाक्य मात्र कधी बोललेच नव्हते.

"ऱ्हाऊ दे आता," नाना खुर्चीत मागे टेकले. "काढ."