काढून टाकलेल्या अकरा ओळी

ज्या माणसाने मला नोकरी दिली त्याच्याबद्दल मी वाईट लिहिणार आहे, म्हणून आधी चांगलं लिहून टाकते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी माझं कॉलेज कुठलं हे विचारलं नाही. समोर चिप आणि सुटे भाग जोडलेलं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड ठेवलं आणि म्हणाले, "यातलं काय काय ओळखतेस?" मी सात भाग ओळखले, दोन चुकले. "सोमवारपासून ये," म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. चिपची जाडजूड माहितीपुस्तिका घाबरून न जाता कशी वाचायची, हे मला याच माणसाने शेजारी बसून शिकवलं. ते मी विसरलेले नाही. त्यांच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

आम्ही रसायनांच्या कारखान्यांसाठी पंपाची कार्डं बनवतो. टाकीत किती रसायन सोडायचं आणि कधी थांबायचं, हे कार्ड पंपाला सांगतं. संगणकाचा हुकूम कार्डावरच्या चिपला कळेल अशा रीतीने पोचवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यात कोणी बदल केला की दुसऱ्या कोणीतरी तो ओळ न ओळ वाचायचा आणि मगच मंजूर करायचा, असा नियम आहे. पण तो आमच्यापुरता. नव्या लोकांचे बदल सर मोठ्या पडद्यावर लावायचे आणि सगळ्यांसमोर सोलून काढायचे. "हे कोणी शिकवलं? जिल्हा परिषदेच्या शाळेत?" मी सोनिवलीच्या जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकले, हे त्यांना माहीत होतं. सगळे हसायचे. मीही हसायचे, याची आज लाज वाटते. सरांचा स्वतःचा बदल आला की मात्र पाच मिनिटांत कोणीतरी "ओके" लिहून मोकळं व्हायचं. वाचायचा प्रश्नच नव्हता.

एका आठवड्यात सरांचा बदल वाचायला माझ्याकडे आला. महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि ठरवणार होते सरच. बदलात नवं काही नव्हतं, जुन्या अकरा ओळी काढून टाकल्या होत्या. वीज आल्यावर चिप नीट जागी होईपर्यंत ड्रायव्हर थोडा थांबायचा, मग पंपाला "बंद राहा" सांगायचा आणि तो खरंच बंद आहे का, हे चिपला परत विचारायचा. हे थांबणं आणि विचारणं त्या अकरा ओळींत होतं. एका गिऱ्हाइकाची तक्रार होती की मशीन उठायला वेळ लावतं. सरांनी थांबणंच काढलं. शनिवारी कार्डं जायची होती.

मी मंजुरी दिली नाही. खाली लिहिलं, "वीज झटकन जाऊन आली तर चिप जागी व्हायच्या आतच आपला हुकूम जाईल आणि वाया जाईल. चिपमध्ये आधीची स्थिती शिल्लक असेल तर पंप आपोआप सुरू होईल. पडद्यावर मात्र 'बंद' दिसेल."

दहा मिनिटांत सर माझ्या टेबलापाशी.

"काय मॅडम, आजकाल माझे पेपर तुम्ही तपासणार?"

"नाही सर, एक शंका होती."

"शंका घरी ठेवून यायची. मी पन्नास वेळा ऑफ-ऑन करून बघितलंय. एकदा पण पंप सुटला नाही. अप्रूव्ह मार."

"ऑफ कसं केलं होतं, सर?"

"कसं म्हणजे? बटणाने. तुमच्या सोनिवलीत काय दगड मारून करतात?"

हशा झाला. सर गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा सहकारी हळूच म्हणाला, "दे ना टाकून ओके. तेरा क्या जाता है? महिनाअखेर आली तुझी."

त्याचं चुकत नव्हतं. मी बोट 'अप्रूव्ह'पर्यंत नेलंही होतं. पण सरांनी "बटणाने" म्हटलं ते डोक्यातून जाईना. आमच्या टेबलावर वीज सभ्यपणे जायची. बटण दाबायचं, दिवा विझायचा, कोणी चहाचा घोट घ्यायचं, मग पुन्हा बटण. तेवढ्या वेळात चिप सगळं विसरून जाते. कारखान्यात इतकी सवड कोणाला असते?

संध्याकाळी बाबा पहिली पाळी संपवून, थोडी झोप काढून ओटीवर बसले होते. बाबा वीस-बावीस वर्षं याच एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात आहेत, आधी हेल्पर आणि आता ऑपरेटर. मी विचारलं, "बाबा, मशीन अडकलं की तुम्ही काय करता?"

"काय करायचंय? खटका मारायचा." त्यांनी हवेतच मनगट खाली-वर झटकलं. बंद आणि चालू, एकाच हिसक्यात.

"मधे थांबत नाही?"

"सायेब सांगतात, बंद करून दहापर्यंत मोज. मी दहा मोजेस्तोवर सुपरवायझर शंभर शिव्या मोजतो." ते हसले.

"आणि तेव्हा पंपाचा पाइप कुठे असतो?"

"हातात. तुंबला म्हनून तं काढलेला असतो ना."

त्यांच्या डाव्या पंजावर जुन्या भाजण्याचा पांढुरका डाग आहे. लहानपणापासून पाहत आलेय, त्या दिवशी जरा जास्त वेळ पाहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोठ्या पडद्यावर माझाच शेरा लावला आणि एकेक शब्द ओढत वाचून दाखवला.

"चिप म्हणे जागी होत नाही. चिपला काय बेड-टी द्यायचा? हे बघ, सरळ सांग. मंजूर करणार की नाही?"

"एकदा करून दाखवू का, सर?"

"दाखव. सगळ्यांना दाखव. होऊन जाऊ दे."

टेबलावर तपासणीचा पंप होता, खाली पाण्याची बादली. मी सरांनी अकरा ओळी काढलेला ड्रायव्हर चढवला आणि पंप चालू केला. आमचं सभ्य बटण सोडून भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले. जाताना पाइपचं टोक बादलीवर धरून म्हणाले, "सर, एवढं धरता का जरा? कारखान्यात हातातच असतो."

मी पहिला खटका मारला. पंप थांबला आणि थांबलेलाच राहिला. पुन्हा चालू करून दुसऱ्यांदा मारला, तरी तसंच. "अजून मार, हात भरून येईल," मागून कोणीतरी म्हणालं. पंप थांबला की सर पाइप वर उचलून पेनासारखा धरायचे आणि हसायचे. तेव्हा पाइपचं तोंड कुठे वळतं हे मला दिसत होतं. मी सांगितलं नाही. पंप पुन्हा चालू केला, बाबांचं मनगट आठवलं आणि तिसऱ्यांदा तसाच हिसका दिला.

धार तुटली, सरांनी पाइप उचलला आणि पाणी थेट त्यांच्या चष्म्यावर उडालं. तिथून शर्टावर, खिशातल्या कागदांवर. पाइप त्यांच्या हातातून सुटला आणि जमिनीवर वळवळत राहिला. पडद्यावर ठळक अक्षरांत 'पंप बंद' असं दिसत होतं. पंप चालूच होता. शेवटी मीच खटका खाली ओढून धरून ठेवला.

कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. डोळे लाल दिसत होते, पाण्याने की रागाने ते कळेना.

"कारखान्यात असं कोण करतं?"

"माझे वडील करतात, सर. आज पहिल्या पाळीत पण केलं असेल."

"कामाला लागा," सर म्हणाले. कोणाला म्हणाले ते सांगता येणार नाही, कारण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा ओळी जागेवर परत आल्या होत्या. वर सरांचं नाव, खाली कारण म्हणून "सुरक्षेसाठी सुधारणा". माझा शेरा पुसलेला होता. शनिवारी कार्डं गेली ती थांबणारी, विचारणारी. महिनाअखेरीस मला कागद मिळाला, कायम करण्याचा निर्णय तीन महिने पुढे. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "वरिष्ठांशी वर्तन समाधानकारक नाही."

घरी बाबांनी विचारलं, "झालीस काय कायम?"

"तीन महिन्यांनी बघू म्हणतात."

"का गं?"

"साहेबाला भिजवलं."

बाबांना आधी खोटं वाटलं. मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. तो डागाचा हात उलटासुलटा करून बघत राहिले आणि म्हणाले, "दहा मोजायला पाहिजेत खरं म्हंजे." ते मोजणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या सोमवारी सरांचा नवा बदल वाचायला आला, तो परत माझ्याच नावावर. या वेळी ते टेबलापाशी आले नाहीत, "अप्रूव्ह मार" म्हणाले नाहीत. जेमतेम चार ओळी होत्या. मी दोनदा वाचल्या, माहितीपुस्तिकेशी ताडून पाहिल्या, त्यांनीच शिकवलं होतं तशा. एकही चूक नव्हती. लगेच मंजुरी देता आली असती.

मी तो बदल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच ठेवला. सर दोनदा माझ्या टेबलाजवळून गेले. एकदा थांबल्यासारखे झाले आणि पुढे गेले. मी जेवणाचा डबा धुऊन आले, हात पुसले आणि मग मंजूर केला.